अर्थपरिवर्तन



भाषाविज्ञानाच्या वर्गात अर्थपरिवर्तन हा घटक शिकवताना मी गेली अनेक वर्षे तीच उदाहरणे देत आले आहे. 'तेल' हा शब्द मुळात तिळापासून निघणाऱ्या स्नेहापुरता होता. आज आपण शेंगदाण्याचे, सरकीचे, खोबऱ्याचे तेल म्हणतो. 'शाई' या शब्दाच्या मुळाशी फारसीतील काळेपणा आहे. तरीही शिक्षक लाल शाईने खुणा करतात आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. 'मृग' म्हणजे एकेकाळी कोणताही वन्य पशू. तो शब्द आकसत आकसत हरणापुरता उरला. पहिल्या दोन उदाहरणांत अर्थाचा विस्तार झाला, तिसऱ्यात संकोच झाला. मग मी सहज म्हणून जाते, 'शब्दाचे घर तेच राहते, आत राहणारा बदलतो.'

हे वाक्य विद्यार्थ्यांना आवडते. मलाही ते आवडत असे. परंतु २०१४ साली एका दुपारी माझ्या वडिलांबरोबर मी एका जुन्या कापडगिरणीत गेले आणि त्यानंतर हे वाक्य पूर्वीइतक्या सहजतेने माझ्या तोंडून निघेनासे झाले. गिरणी म्हणायची ती सवयीने. आत एकही साचा नव्हता. आत होती एक संगणक कंपनीची कचेरी, आणि त्या कचेरीत माझ्या मुलीची पहिली नोकरी.

माझा जन्म लालबागमधील एका चाळीत झाला. बाबा मूळचे राजापूर तालुक्यातले. १९५७ साली ते मुंबईत आले आणि गावच्याच एका जॉबरच्या ओळखीने गिरणीत 'बदली' म्हणून लागले. सरकारी नोकरांची बदली होते हे आपण ऐकतो. गिरणीत मात्र माणूसच 'बदली' असे. कायम कामगाराने खाडा केला तर त्या दिवसापुरते त्याच्या जागी काम करायचे, नाहीतर दरवाजावरून परत फिरायचे. चार वर्षे असा दरवाजा झिजवल्यावर बाबांना साचेखात्यात कायम काम मिळाले. आई घरी सात-आठ गाववाल्यांची खानावळ चालवत असे. दहा बाय बाराच्या त्या खोलीत आमचा दिवस घड्याळाने नव्हे, तर पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी यांनी विभागलेला असे. भोंगा झाला की आई तवा चढवी.

आमच्या घरातील मराठी ही पाठ्यपुस्तकातील मराठी नव्हती. 'साचा' या शब्दाचा आमच्या घरातला अर्थ यंत्रमाग असा होता. मूर्तीचा साचा मला शाळेत गेल्यावर कळला. 'खाते' बँकेत असते हे मला फार उशिरा समजले, कारण आमच्याकडे खाते म्हणजे गिरणीचा विभाग. 'चिमणी' या शब्दाला तर आमच्याकडे तीन अर्थ होते. दाण्यासाठी खिडकीत येणारी एक, वीज गेल्यावर पेटवायची दुसरी आणि छपरांवरून दिसणारी, धूर सोडणारी तिसरी. इंग्रजीतून आलेला एक शब्द मराठीतल्या इवल्याशा पाखराच्या नावात येऊन बसला आणि त्याने शंभर-दीडशे फूट उंचीचे धुराडे स्वतःबरोबर आणले. लहानपणी मला यात काहीच नवल वाटत नसे.

तुमच्यापैकी जे सोलापूर, इचलकरंजी, अमळनेर किंवा नागपूर येथील आहेत त्यांना भोंगा आणि पाळी समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे स्थापन केली. पुढील शंभर वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी, दादर या पट्ट्यात पन्नासहून अधिक गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन आली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी या पट्ट्याला 'गिरणगाव' हे नाव दिले. 'गाव' हा शब्द येथे शोभेचा नाही. भजनी मंडळे, तालमी, गणेशोत्सव, गावकीच्या खोल्या आणि खानावळी यांच्यासह माणसांनी आपले गाव तेथे वसवले होते. भारतातील कामगार चळवळीचा आरंभही याच पट्ट्यात झाला. आज आपण रविवारची सुट्टी गृहीत धरतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे केलेल्या प्रयत्नांनंतर १८९० साली ती मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळाली. कवी नारायण सुर्वे आणि अण्णा भाऊ साठे यांचे मराठीला झालेले दान याच वस्तीतून आलेले आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. भोंगा बंद झाला तेव्हा आम्हां मुलांना प्रथम मौज वाटली, कारण बाबा दिवसा घरी दिसू लागले. मग खानावळीतील माणसे एकेक करून गावी गेली. आईचे दोन डाग गहाण पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, काहींचे दरवाजे उघडलेच नाहीत. बाबांची गिरणी दुसऱ्या प्रकारातली. तिचे नाव येथे सांगत नाही. सांगितल्याने देणी मिळणार नाहीत. जी मिळाली ती फार वर्षांनी आणि अपुरी मिळाली. पंचेचाळिसाव्या वर्षी बाबा एका गृहनिर्माण संस्थेत रखवालदार झाले आणि पुढील पंधरा वर्षे त्यांनी ते काम केले.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहिण्याच्या जागी मी 'नोकरी' असे लिहिले. रखवालदार लिहावयाची लाज वाटली आणि गिरणी कामगार लिहावे तर गिरणी उरली नव्हती. पुढे एम. ए. झाले, भाषाविज्ञानात संशोधन करावयाचे ठरवले. मार्गदर्शकांनी विषय विचारला तेव्हा मी महानुभावांच्या गद्यातील क्रियापदरूपे हा विषय सांगितला. विषय उत्तम होता, त्याबद्दल मला आजही खंत नाही. सात वर्षे मी तेराव्या शतकातील माणसे कशी बोलत होती याचा शोध घेतला. त्याच सात वर्षांत माझ्या मागच्या खोलीत एक बोली मावळत होती आणि तिचा शेवटच्या काही भाषकांपैकी एक मला रोज रात्री 'जेवलीस का?' असे विचारत होता.

दरम्यान गिरण्यांच्या जमिनींचे काय होणार याचा निर्णय इतरत्र होत होता. त्या निर्णयाकडे भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असे त्यात काही आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने ढोबळमानाने असे ठरवले होते, की गिरणीच्या जमिनीचा विकास करताना तिचा एक तृतीयांश भाग महापालिकेला उद्याने व मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळावा. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करावा असे सुचवले. तसे घडले नाही. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी केवळ 'मोकळ्या जमिनी'पुरती मर्यादित करण्यात आली.

आता 'मोकळी जमीन' या दोन शब्दांचा अर्थ काय? जुन्या इमारती पाडल्यावर जी मोकळी होते तीही मोकळीच ना? २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने असा व्यापक अर्थ लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. ज्या जमिनीवर आधीपासून बांधकाम नव्हते तेवढीच मोकळी, असे ठरले. गिरणीच्या आवारात शेड, गोदामे आणि खाती यांनी बहुतेक जागा व्यापलेली असते, त्यामुळे वाटणीला येणारा भाग एकदम लहान झाला. एका विशेषणाच्या अर्थसंकोचाबरोबर किती मैदाने आणि किती घरे आकसली, याचा विचार तुम्हीच करा. कामगारांसाठी घरांची पहिली मोठी सोडत म्हाडाने २०१२ साली काढली. अर्ज लाखाहून अधिक होते, घरे त्यामानाने फार थोडी. बाबांनीही अर्ज भरला होता. त्यांचा क्रमांक लागला नाही.

अर्थ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, हे मी वर्गात विनोद म्हणून सांगत असे. गिरणगावात ते दोन्ही एकाच वेळी बदलले. बहुतेक गिरण्या पाडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी उंच मनोरे आले. काहींची जुनी बांधकामे मात्र राखली गेली आणि त्यांत दुकाने, उपाहारगृहे, वृत्तपत्रांच्या व जाहिरातसंस्थांच्या कचेऱ्या, चित्रदालने थाटली गेली. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी मोठा मॉल झाला. तिचे धुराडे मात्र मॉलच्या मधोमध उभे आहे. घरांच्या जाहिरातींत लोअर परळला 'अप्पर वरळी' म्हणू लागले. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे प्रभादेवी झाले. आणि 'गिरणी' हा शब्द सरळ मागे पडला. माझी मुलगी पहिल्या दिवशी कामावर निघाली तेव्हा म्हणाली, 'आई, मी मिलमध्ये जाते.' बाबा खाटेवरून हसले आणि म्हणाले, 'पाळी कुठली गो?'

त्याच वर्षी तिच्या कंपनीने एका शनिवारी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना कचेरी पाहण्यास बोलावले. आई तोवर गेली होती. बाबा येतील असे मला वाटले नव्हते. त्यांनी स्वतःहून पांढरा सदरा आणि टोपी काढली. ती त्यांची गिरणी नव्हती. त्यांच्या गिरणीच्या जागी मनोरे उभे राहिले होते. ही शेजारची, त्याच घडणीची. दरवाजावर रखवालदाराने आम्हांला अडवून ओळखपत्रे मागितली. मला राग आला. बाबांना आला नाही. त्यांनी खिशातून कार्ड काढून दिले, नोंदवहीत नाव लिहिले आणि त्याला विचारले, 'बारा तासांची ड्यूटी की आठ?' तो म्हणाला, 'बारा.' बाबांनी मान हलवली. मग मला म्हणाले, 'आमच्या वेळी गिरणीत आठ होते.'

आत गेल्यावर ते खळबळतील, गहिवरतील, अशी माझी समजूत होती. मी त्यांचा हात धरून होते. त्यांनी तो सोडवून घेतला आणि वर पाहिले. छप्पर करवतीच्या दात्यांसारखे होते. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि दुसरी उभी, काचेची. त्यांनी नातीला विचारले, 'हे असं छप्पर का, सांग.' तिला वाटत होते की ती सजावट आहे. तेव्हा बाबांनी सांगितले की काचा उत्तरेकडे असतात, म्हणजे ऊन थेट आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. विणणाऱ्याला तुटलेला तार दिसला पाहिजे आणि उन्हाने सूत वाळता कामा नये. सूत वाळले की तुटते. मुलीने आपल्या संगणकाकडे आणि मग वर पाहिले. 'म्हणूनच पडद्यावर चमक येत नाही,' ती म्हणाली. शंभर वर्षांपूर्वी विणकराच्या डोळ्यांसाठी योजलेला उजेड तिच्या डोळ्यांच्या कामी येत होता. मित्रहो, जुन्या इमारतीचा नवा वापर म्हणजे काय, हे मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या क्षणी अधिक स्पष्टपणे कळले.

बाबांनी खांब हाताने चाचपून पाहिले. ओतीव लोखंडाचे ते खांब तसेच होते. भिंतीवर शोभेसाठी एक धोटा टांगलेला होता. बाबांनी परवानगी न विचारता तो काढला. 'यात कांडी नाय,' ते म्हणाले. नातीच्या टेबलावरून दोऱ्याचा तुकडा मागून घेतला, धोट्याच्या टोकाच्या भोकाशी धरला आणि भोकाला दुसऱ्या बाजूने ओठ लावून श्वास आत ओढला. दोरा झरकन आरपार आला. दिवसातून किती वेळा असे करत होतात, असे तिने विचारले. 'मोजतंय कोण,' ते म्हणाले. सूत आणि धूळ किती पोटात गेली असेल, हे मात्र तिला तेव्हा सुचले नाही. मलाही ते घरी आल्यावर सुचले.

निघताना ते म्हणाले, 'पाडली नाय, ते बरं केलं. आमची तर राह्यलीच नाय.'

मी या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मनात अशा कचेऱ्यांविषयी आणि मॉलविषयी एक तयार राग होता; कामगारांच्या घामावर उभी राहिलेली चैन, असे एक तयार वाक्यही होते. ते पूर्णतः खोटे नाही. परंतु ज्याला तो राग धरण्याचा सर्वाधिक अधिकार होता, त्याने पाडलेली आणि राखलेली यांत फरक केला होता. राखलेल्या इमारतीत तो छप्पर दाखवून बोलू शकला. मनोऱ्यापुढे उभा राहून तो काय दाखवणार होता?

परंतु त्या दुपारची मला सर्वांत जवळची आठवण याहून वेगळी आहे. मी पाणी आणावयास त्या लांबलचक दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. मागे वळून पाहिले तर बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटे जुळवून झटक्यात अलग केली, मग तळहात खाली दाबला. मला क्षणभर काही कळले नाही, आणि मग एकदम कळले. ते मला 'सावकाश ये, घाई नाही' असे सांगत होते. साचेखात्यात शेकडो साचे एकाच वेळी चालत. त्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसे, म्हणून सारे ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांनी बोलत. बाबांना कमी ऐकू येई आणि ते मोठ्याने बोलत, तेही याच आवाजामुळे. आता त्या दालनात वातानुकूलन यंत्राच्या मंद घरघरीखेरीज आवाज नव्हता. ते मला हाक मारू शकले असते. परंतु त्या छपराखाली त्यांचा हात आपोआप उठला. बत्तीस वर्षांनी.

भाषाविज्ञानाची डॉक्टर असलेल्या त्यांच्या मुलीने ही खुणांची भाषा घरात शेकडो वेळा पाहिली होती आणि ती भाषा आहे हे तिला कधी जाणवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली. रोज संध्याकाळी तासभर बाबा सांगत आणि मी लिहून घेई. पहिली नोंद 'खाडा'. मग 'बदली', 'मुकादम', 'ताणा', 'धोटा', 'कांडी'. शंभरावर शब्द जमले. त्यांपैकी काही आजही जिवंत आहेत, पण दुसऱ्या घरी राहावयास गेलेले. 'भोंगा' म्हणजे आज ध्वनिवर्धक; वेळ सांगणारा भोंगा कोणाला आठवत नाही. त्यानंतर आम्ही खुणांकडे वळलो. तार तुटला, जॉबर येतोय, चहाला चल, माझ्या साच्यांकडे लक्ष ठेव, पगार झाला का. शब्दाची नोंद करणे सोपे असते. हाताची हालचाल कागदावर कशी उतरवावी हे मला कोणी शिकवले नव्हते. मी वेडीवाकडी चित्रे काढत असे आणि बाबा ती पाहून हसत असत. २०१६ च्या पावसाळ्यात ते गेले.

आता मी पुन्हा माझ्या वर्गातील त्या वाक्याकडे येते. शब्दाचे घर तेच राहते, आत राहणारा बदलतो. शब्दाच्या बाबतीत हे निरुपद्रवी आहे, कारण 'शाई'तून काळा रंग बाहेर काढला म्हणून काळ्या रंगाला रस्त्यावर यावे लागले नाही. इमारतीच्या बाबतीत आतला राहणारा हा माणूस असतो. म्हणून जुन्या कारखान्यांना मिळालेल्या नव्या आयुष्याचे मोजमाप केवळ वास्तूवरून करता येत नाही. विटा, खांब, धुराडे राखले हे चांगलेच. बांधलेली इमारत पाडून नवी बांधण्यात किती साहित्य आणि श्रम वाया जातात हे आज आपण जाणतो. नव्या वापरात सुरक्षिततेकडे पाहिले पाहिजे, हेही खरे. डिसेंबर २०१७ मध्ये लोअर परळमधील गिरणीच्या एका आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचे प्राण गेले. परंतु या सर्वांच्या पलीकडे एक प्रश्न उरतो. आकार राखला, पण त्याचा अर्थ कोणाला ठाऊक आहे? मॉलच्या मधोमध उभे असलेले धुराडे पाहून एखादे मूल 'हे काय?' असे विचारते, तेव्हा उत्तर देणारे कोणी जवळ असते का?

असे उत्तर देणे अशक्य नाही. अमेरिकेतील लोवेल हे गाव कापडगिरण्यांसाठीच वसले. तेथील गिरण्या बंद पडल्यावर १९७८ साली त्या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा देण्यात आला. बूट नावाच्या जुन्या गिरणीत आज घरे आहेत, कचेऱ्या आहेत, आणि एका मजल्यावर जुने साचे प्रत्यक्ष चालवून दाखवले जातात. त्या आवाजात प्रेक्षकांनी कान झाकू नयेत तर काय करावे! एकाच इमारतीत नवे राहणारे आणि जुना आवाज दोन्ही नांदतात. आपल्याकडेही काळाचौकी येथील इंडिया युनायटेड गिरणीच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय योजले गेले. दादरच्या इंदू गिरणीची जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाला मिळाली. तेथे गिरणी उरली नाही, पण त्या जमिनीचा नवा अर्थ लोकांनी मागून, झगडून मिळवला आहे. जमीन ज्यांच्या वस्तीत आहे त्यांनी तिचा अर्थ ठरवणे, हाही एक मार्ग आहे.

माझ्या मुलीने तिच्या कचेरीत एक लहानशी गोष्ट केली. धोटा पुन्हा भिंतीवर टांगताना तिने त्याच्या खाली एक कार्ड लावले. त्यावर मराठीत 'धोटा' हा शब्द आणि त्याचा उपयोग दोन ओळींत लिहिला आहे. एवढेच. पुढे तिने ती नोकरी सोडली. ते कार्ड अजून तेथे आहे की नाही, हे मी विचारलेले नाही.

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला बसलेले तुम्ही बहुतेक कामकरी आहात. कोणी कारखान्यातील पाळी संपवून हे पुस्तक उघडत असाल, कोणी दुकान बंद करून, कोणी मुले झोपल्यावर. ज्या कामातून तुम्ही येथवर आलात, त्या कामाची एक भाषा आहे. तुमच्या वडिलांच्या, आजीच्या, सासऱ्यांच्या कामाचीही होती. ती भाषा अभ्यासक्रमात नाही म्हणून कमी योग्यतेची नाही. परीक्षेसाठी महानुभावांचे गद्य अवश्य वाचा. पण त्याबरोबर एक वही करा. शब्द लिहा, त्याचा अर्थ लिहा, तो कोणाकडून आणि कोठे ऐकला हे लिहा. ज्या जागेत तो बोलला जात असे ती जागा अजून उभी असेल, तर सांगणाऱ्याला एकदा तेथे घेऊन जा. घरी बसून जे आठवत नाही ते तेथे हाताला आठवते.

माझी वही माझ्यापुढे आहे. शेवटच्या पानावर मी एक खूण काढली आहे. तळहात उघडा, छातीवरून दोनदा फिरवलेला. त्या दिवशी वीज गेली आणि आम्ही उठलो. अर्थ उद्या लिहू, असे मी म्हटले. पुढे बाबांचे आजारपण आले. चित्राच्या पुढची जागा कोरी आहे. बाबांच्या बरोबरीचे जे दोघे-तिघे उरले होते त्यांना मी ती खूण करून दाखवली. त्यांनी आपापसांत पाहिले आणि मान हलवली. त्यांच्या गिरणीत ती नव्हती. तुमच्या वहीत अशी जागा राहू नये म्हणून हे सारे लिहिले.